सांगलीतून कंटेनर भरताय? मग सील मारायच्या आधी हे वाचा

आमच्या मार्केट यार्डातली बरीच पोरं आता मुंबईच्या एक्स्पोर्टरला माल न देता स्वतःच्या नावानं कंटेनर लावायला लागलीत, चांगलंच आहे, पण परवा एकजण चहा पिता पिता म्हणाला की दादा आपलं काम गोडाऊनपर्यंत, पुढं जहाजवाला बघंल. तिथंच मी कप खाली ठेवला. जहाजवाला काही बघत नाही हो. एकदा का तुमच्या गोडाऊनच्या दारात सील पडलं की तो डबा थेट तिकडं परदेशात उघडतो, मधे महिना-दीड महिना आत कोण डोकावत नाही. म्हणजे समुद्रात जे काय बरंवाईट होणार ते कुपवाड एमआयडीसीत नाहीतर तासगाव रोडला त्या चार तासांच्या भरणीतच ठरलेलं असतं. मी हळद आणि बेदाणा दोन्ही पाठवतो, दोन्हीत पैसे घालवून शिकलोय, तेवढं क्रमानं सांगतो.

आधी कागद, कारण माल भरून मग कागद शोधणारे लोक डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकून पडल्याचं भाडं, भरत बसतात. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, सगळ्यांनाच लागतो, आणि आयजीएसटी न भरता माल पाठवायचा तर जीएसटीचं एलयूटी, म्हणजे हमीपत्र. हळदीला स्पाइसेस बोर्डाचं सीआरईएस रजिस्ट्रेशन, बेदाणा आणि द्राक्षाला अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेचं आरसीएमसी, म्हणजे नोंदणीचा दाखला. फायटो, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, लागतं की नाही ते समोरच्या देशावर आहे, ते खरेदीदाराकडनं लेखी मागून घ्या, फोनवर नको. शिपिंग बिल तुमचा सीएचए, म्हणजे कस्टमचा एजंट, कस्टमच्या आईसगेट पोर्टलवर टाकतो, पण त्यातली बॉक्सची संख्या, वजन, एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा नंबर) हे तुम्ही दिलेलंच असतं, चूक निघाली तर नाव तुमचं. आणि भरणी कुठं करणार ते बुकिंगच्या आधी ठरवा. स्वतःच्या गोडाऊनला भरून स्वतः सील करायचं असेल तर कस्टमची सेल्फ सीलिंगची परवानगी पाहिजे आणि २०१७ पासून त्याला आरएफआयडी ई-सील लागतं. ती परवानगी नसेल तर माल ट्रकनं न्हावा शेवाच्या सीएफएसला, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर भरायच्या गोदामात, नेऊन तिथं भरायचा. पहिल्या एक-दोन वेळेला सीएफएस सोपं वाटतं, पण तिथं तुमचा माल कोण कसा रचतंय यावर तुमचा हात राहत नाही आणि पावसाळ्यात उतरवताना पोती भिजली तर सांगायचं कुणाला. मला विचाराल तर परवानगी काढा आणि घरी भरा.

आता रिकामा डबा. आपल्याकडं एम्टी कंटेनर बहुतेक वेळा बंदराकडच्या यार्डातनंच येतो, पावणेचारशे किलोमीटर रिकामा. त्यामुळं ड्रायव्हर दारात आला की लोकांना वाटतं आता परत कसा पाठवायचा, भाडं अंगावर पडंल, चालवून घेऊ. इथंच पहिली चूक होते. खराब डबा परत पाठवल्यावर जाईल ते भाडं, आत घातलेला माल त्याच्या कितीतरी पट.

डबा बघायचा कसा? मी काय करतो ते सांगतो. आमच्याकडं एक म्हातारे हमाल मामा आहेत, ते आणि मी दोघं आत जातो, बाहेरच्या पोराला सांगतो दोन्ही दारं लाव, कडी मार, आणि दोन मिनिटं गप्प उभं राहायचं. डोळे अंधाराला सरावले की वर बघायचं. मागच्या सीझनला एका डब्यात वरच्या डाव्या कोपऱ्यात एक एवढासा पांढरा ठिपका दिसला, तिळाएवढा, चांदणीच म्हणा. मामा म्हणाले, "ह्या भोकातनं पावसात तांब्याभर पाणी यील रं." तेव्हा मला वाटलं तांब्याभर म्हणजे काय मोठं, पण महिनाभर डेकवर, वरनं पाऊस आणि खारट फवारा, तांब्यावर तांब्या. परत पाठवला. हां, आत जाताना बाहेर आपला माणूस उभा पाहिजे, उगाच दार लावून सगळेच आत जाऊ नका. आणि डब्याला आधीच्या औषधाचा वास असंल तर आत जायचंच नाही, आधी दारं उघडी टाकून ठेवायची.

उजेड झाला की नाक. फिनेल, केमिकल, मासळी, कांदा, कसलाही वास असला तरी बेदाण्याला नको, बेदाणा वास ओढून घेतो. मग खाली बघा, लाकडी तळ ओला, तेलकट आहे का, खिळे वर आलेत का. दाराचं रबर फाटलंय का. मग दारावरची सीएससी प्लेट. ती धातूची पाटी असते, त्यावर डबा कधी बनला, जास्तीत जास्त एकूण वजन किती, वर किती रास चालते ते कोरलेलं असतं. कंटेनर सेफ्टीचा १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याप्रमाणं नवीन डब्याची पहिली तपासणी पाच वर्षांच्या आत आणि पुढं दर तीस महिन्यांनी व्हायला लागते, पाटीवर पुढची तारीख नाहीतर एसीईपी, म्हणजे सतत तपासणीच्या योजनेचा, नंबर असतो. तारीख उलटून गेली असली तर तो डबा घेऊ नका. कंटेनर नंबर अकरा खणांचा, चार अक्षरं सात आकडे, तो पाटीवर, दारावर, बाजूला आणि बुकिंगच्या कागदावर सारखाच आहे का ते बोट ठेवून वाचा. एकदा मी शेवटचा आकडा चुकीचा लिहिला, आणि तो शेवटचा आकडा आधीच्या दहावरनंच काढलेला चेक डिजिट असतो, त्यामुळं सिस्टीमनं घेतलाच नाही, तीन तास गेले.

आता खरं दुखणं सांगतो, ओल.

माझं पहिलं मोठं नुकसान ओलीनंच झालं आणि दोष माझाच होता. राजापुरी हळकुंड, पॉलिश करून झकास, जुलैचा महिना, घाई. हळद मी मोजली होती, बरोबर होती. पॅलेट मात्र मिलमधनं ताजी कापलेली आणली, हातालाच गार लागत होती, पण कोण बघतंय. पस्तीस-चाळीस दिवसांनी तिकडनं फोटो आले, वरच्या थरातल्या पोत्यांवर पांढरी बुरशी, आणि छताला रांगेनं थेंब. पाऊस आत आला नव्हता, डबा चांगला होता, पाणी आम्हीच आत घालून पाठवलं होतं.

हे होतं कसं तर बघा. बंदरात डब्याचा पत्रा दुपारी तव्यागत तापतो, आतला माल, लाकूड, पोती यातली ओल वाफ होऊन वर येते. रात्री पत्रा गार पडला की ती वाफ छताला चिकटून थेंब होतात आणि तेच खाली मालावर पडतात. आत पाऊसच पडतो म्हणा ना. हिवाळ्यात युरोपला माल जातो तेव्हा तर आणखी वाईट, इथनं तीस डिग्रीत भरलेला उबदार माल आणि बाहेर समुद्र गार. आपल्या हरिपूरच्या पेवांत जुनी माणसं वर्षानुवर्षं हळद ठेवायची आणि तिला काही व्हायचं नाही, कारण जमिनीच्या पोटात ऊन-गारवा पोचतच नाही आणि तोंड लिंपलेलं. (२००५ च्या पुरात पाणी शिरलं ती गोष्ट वेगळी.) कंटेनर म्हणजे पेव नव्हे, पातळ पत्र्याचा डबा, रोज तापणार रोज गार होणार.

हिशोब करून बघा म्हणजे अंगावर येतो. १५ टन हळदीत ओल एक टक्का जास्त राहिली तर ते १५० लिटर पाणी झालं. दहा पॅलेट ओली असली आणि प्रत्येकीत पाच लिटर धरलं तरी अजून ५०. आणि आपण वर लटकवतो काय, तर कॅल्शियम क्लोराईडच्या किलो-किलोच्या आठ पट्ट्या, त्या आपल्या वजनाच्या दीड-दोन पट पाणी ओढतात, म्हणजे सगळ्या मिळून पंधरा लिटरभर. म्हणून पट्ट्यांवर भरोसा टाकून ओला माल भरायचा नाही, पट्ट्या फक्त राहिल्यासाहिल्या ओलीसाठी. मी हळद दहा टक्क्यांच्या वर भरत नाही, आणि मोजताना वरच्या पोत्यातनं नाही, मधनं, खालनं, वेगवेगळ्या लॉटमधनं. लाकडाला टोचायचं मॉइश्चर मीटर घ्या, वीस टक्क्यांच्या वर दाखवलं की ती पॅलेट बाजूला. भिंतीला आणि वरनं क्राफ्ट पेपर, वरचा पेपर मालाला चिकटवून घट्ट नाही तर नुसता पांघरायचा, म्हणजे थेंब पडले तर तो पितो. पट्ट्या बाजूच्या पत्र्याच्या खाचांत अडकवा, मालाला टेकून नकोत, गच्च भरल्या की त्यातनं खारट पाणी गळायची भीती असते. आणि पाऊस चालू असताना भरणी नको, ताडपत्रीखालीसुद्धा नको, मी आता ड्रायव्हरला जेवायला बसवतो आणि थांबतो. २०२३ च्या शेवटापासनं तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळं बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, तेव्हा युरोपचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, म्हणजे पट्ट्यांचा हिशोब करताना जहाज कुठल्या वाटेनं जाणार तेपण विचारा.

पॅलेटवरनं आठवलं, लाकडातनं कीड जाऊ नये म्हणून त्याला आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का पाहिजेच पाहिजे. गव्हाच्या लोंबीसारखं चित्र, त्याशेजारी आयएन, ट्रीटमेंट करणाऱ्याचा नंबर आणि एचटी नाहीतर एमबी. एचटी म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ डिग्री तीस मिनिटं तापवलेलं, एमबी म्हणजे मिथाईल ब्रोमाईडची धुरी दिलेलं. शिक्का नसलेली एक फळीसुद्धा, अगदी मालाला टेकू दिलेली, सापडली तर तिकडं अख्खा कंटेनर अडकतो. प्लायवुडला हा नियम लागत नाही, त्यामुळं टेकू द्यायला मी प्लायचे तुकडे वापरतो.

रचणं. यात आपल्याकडं फार चुका होतात कारण आपण कंटेनर ट्रकसारखा भरतो. ट्रक खंबाटकी घाटात ब्रेक मारतो तेव्हा माल पुढं येतो, एवढंच आपल्याला माहीत. आयएमओ (सागरी संघटना), आयएलओ (कामगार संघटना) आणि युरोपसाठीचा आर्थिक आयोग या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी मिळून काढलेला सीटीयू कोड, म्हणजे कंटेनर भरायची नियमावली, आहे, २०१४ चा, त्यात रस्त्यावर ब्रेकला मालाच्या वजनाच्या ८० टक्क्यांएवढा जोर पुढं धरायला सांगितलाय आणि खवळलेल्या समुद्रात तेवढाच जोर आडवा, बाजूच्या भिंतींवर. म्हणजे घाटात पुढं, समुद्रात आडवं. एक टनाची पॅलेट आठशे किलोच्या जोरानं आलटून पालटून डावीकडं उजवीकडं रेटणार, तेही कित्येक दिवस. आता बघा, बॉक्स आणि भिंत यांच्यात वीतभर फट ठेवली तर काय होईल.

म्हणून फट ठेवायची नाही. बेदाण्याचे बॉक्स विटा बांधतात तसे, सांधा सांध्यावर येऊ न देता. मधे मोकळं राहिलं तर हवेच्या पिशव्या, डनेज बॅग म्हणतात त्यांना, पण त्याच्या दोन्ही बाजूला पुठ्ठा लावून, आणि दारालगत ती पिशवी कधीच भरू नका, दार उघडणाऱ्याच्या तोंडावर उडते. वजन सगळीकडं सारखं, डब्याच्या अर्ध्या लांबीत ६० टक्क्यांपेक्षा जास्त वजन जाता कामा नये. शेवटची रांग दाराला टेकून उभी करायची नाही, जाळी किंवा पट्टे ओढून आतच बांधायची, कारण तिकडं दार उघडणारा माणूस पहिला खाली सापडतो. त्याला आपण ओळखत नाही म्हणून काय झालं.

मिरज-कुपवाडच्या कास्टिंगवाल्यांसाठी दोन शब्द वेगळे. तुमचा माल गुडघ्याएवढ्या उंचीतच वजन संपवतो, डबा अर्धा रिकामा दिसतो, आणि मग मोह होतो की सगळं मधोमध ठेवू. एकाच जागी एवढं वजन आलं तर तळच वाकतो, खाली जाड लाकडी दांडे घालून वजन पसरवा, पॅलेटच्या चारी बाजूला दांडे ठोका, आणि पट्टे डब्याच्या कड्यांना. ओलीचं वर सांगितलं ते तुम्हालाही लागू, हळदीला बुरशी येते तशी कास्टिंगला गंज. गंज रोखणारी व्हीसीआय पिशवी घाला, पण ओल्या पॅलेटवर ठेवून नाही.

आता वजन, म्हणजे व्हीजीएम (तपासलेलं एकूण वजन). जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश खाडीत एमएससी नॅपोली नावाचं जहाज वादळात चिरलं. तपास करताना डेकवरचे पाण्याबाहेर राहिलेले ६६० कंटेनर वजन केले तर १३७ मध्ये सांगितलेल्या आणि खऱ्या वजनात तीन टनांपेक्षा जास्त फरक निघाला. जहाज चिरायला कारणं बरीच होती, पण कॅप्टन कुठला डबा वर कुठला खाली हे आपण लिहून दिलेल्या आकड्यांवर ठरवतो, ते आकडेच खोटे असतील तर तो तरी काय करणार. शेवटी जहाजांच्या सुरक्षिततेच्या सोलास करारात दुरुस्ती झाली आणि १ जुलै २०१६ पासून तपासलेलं एकूण वजन दिल्याशिवाय भरलेला डबा जहाजावर चढत नाही.

ते काढायचे दोन रस्ते. एक, भरलेला कंटेनर काट्यावर. दोन, एकेक बॉक्स, पॅलेट, पेपर, पट्ट्या सगळं मोजून बेरीज आणि त्यात डब्याचं स्वतःचं वजन. माझं उदाहरण घ्या: बेदाण्याचे १० किलोचे १,९०० बॉक्स, पुठ्ठ्यासकट बॉक्स १०.४ किलो, म्हणजे १९,७६० किलो. पेपर, पट्ट्या, जाळी मिळून ६०. दारावर टेअर, म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन, लिहिलंय २,२३०. झालं २२,०५०. यात लोक हमखास चुकतात ते म्हणजे पुठ्ठा धरत नाहीत, नुसतं १९ टन अधिक टेअर करून मोकळे, इथंच सातशे-आठशे किलो गेले.

मी दोन्ही करतो, बेरीज करून ठेवतो आणि मग काट्यावर ताडून बघतो. काटा वैधमापन खात्याचा शिक्का असलेला, तारीख बघून. ट्रेलर येतानाच रिकाम्या डब्यासकट वजन करून घ्यायचा, भरल्यावर परत त्याच काट्यावर, फरक म्हणजे तुमचा माल, त्यात टेअर मिळवा. मधे ड्रायव्हरनं डिझेल टाकलं तर दोनशे लिटर म्हणजे दीडशे-पावणेदोनशे किलो तुमच्या मालात जमा होतात, म्हणून सांगायचं, "भाऊ, डिझेल दुसऱ्या काट्यानंतर टाका." क्लीनर पहिल्या वेळेला खाली उतरला असंल तर दुसऱ्या वेळेलापण उतरवा. आलेलं एकूण वजन प्लेटवरच्या मर्यादेत पाहिजे, आजकालच्या वीस फुटीला बहुतेक ३०,४८० किलो असतं पण जुन्यावर कमी असू शकतं, शिवाय ट्रेलरच्या आरसीत आणि समोरच्या देशाच्या रस्त्याच्या नियमात पण. अमेरिकेत हायवेवर अख्ख्या गाडीला ८०,००० पौंड, म्हणजे साधारण ३६ टनांचीच मर्यादा, त्यात ट्रक आणि ट्रेलरचं वजनपण आलं.

व्हीजीएम जहाज कंपनीला कटऑफच्या, म्हणजे ठरलेल्या शेवटच्या वेळेच्या, आत गेलं पाहिजे, बंदराच्या गेटचा फॉर्म १३ त्याशिवाय पुढं सरकत नाही, आणि डबा गेटबाहेर उभा राहिला तर शट आउट, म्हणजे पुढच्या जहाजापर्यंत भाडं चालू. त्यावर सही करणाऱ्या माणसाचं नाव तुमच्याकडनं जातं, म्हणून रिकाम्या फॉर्मवर सह्या करून सीएचएकडं ठेवायची सवय सोडा. मीपण ठेवत होतो.

किडीचं औषध. हळदीला फ्युमिगेशन बहुतेक ठिकाणी मागतात. ते वनस्पती संरक्षण खात्याची मान्यता असलेल्या एजन्सीकडनंच, घरी अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या आणून स्वतः टाकायचा शहाणपणा करू नका. हवेतल्या ओलीनं त्यातनं फॉस्फिन निघतो, बंद जागेत माणूस मरतो. आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं की गॅस आत असलेला कंटेनर हा कायद्यानं धोकादायक मालच धरला जातो, समुद्रमार्गे धोकादायक माल नेण्याच्या आयएमडीजी कोडात त्याला यूएन ३३५९ नंबर आहे, वर्ग नऊ. दारावर कवटीचं चिन्ह, कुठलं औषध, किती वाजता टाकलं हे लिहिलेला फलक लागतो, हवा खेळवून झाली असंल तर ती तारीख पण. फलक लावायचा कंटाळा केला तर तिकडं दार उघडणारा सरळ आत जातो. गॅस आत किती दिवस ठेवायला लागतो ते एजन्सीला विचारून मगच जहाजाची तारीख धरा, उलटं नको.

धोकादायक मालाचं बाकी सगळं मी इथं लिहीत नाही, तो वेगळा अभ्यास आहे, नऊ वर्ग आहेत. पण "आपला माल साधाच आहे" म्हणायच्या आधी एकदा कोडात बघा. काही पेंडी आपोआप तापतात म्हणून त्यात आहेत, कोळसा आहे, बॅटरी असलेलं मशीन आहे, पेंट आहे. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज पेटलं, त्यावर नायट्रिक अॅसिडचा एक कंटेनर आधीपासनं गळत होता, आमच्यासारख्याच कुणाच्यातरी पॅकिंगमधला. जहाज जूनमध्ये बुडालं आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावर प्लास्टिकच्या दाण्यांचा थर. मे २०२५ मध्ये आपल्या केरळसमोर एमएससी एल्सा ३ बुडालं, ६४३ कंटेनर, त्यातल्या बारांत कॅल्शियम कार्बाईड. माल लपवून साधं नाव लिहिलं तर भाडं थोडं वाचतं, पण काही झालं तर विमाही मिळत नाही आणि वर केस होते.

द्राक्षवाल्यांना थोडक्यातच, तुमचे पॅकहाऊसवाले माझ्यापेक्षा जास्त जाणतात. रीफर, म्हणजे थंड कंटेनर, हा माल गार करत नाही, गार असलेला माल गार ठेवतो, म्हणून द्राक्ष प्रीकूलिंगमध्येच आतल्या गरापर्यंत उतरलेलं पाहिजे, टोचून बघा. हवा खालनं खाचांच्या तळातनं वर येते, तेव्हा तळ झाकला जाईल असं रचा आणि भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर एक पेटी नको. उघड्यावर भरत असाल तर डबा आधीच गार करून दार उघडू नका, बाहेरची दमट हवा आत जाऊन सगळीकडं पाणी सुटतं. सेट पॉइंट, म्हणजे ठेवायचं तापमान, बुकिंगवर लिहिलेला आणि मशीनच्या डिस्प्लेवरचा एकच आहे का, उणे चिन्हासकट, हे बघितल्याशिवाय गाडी सोडू नका. आणि वाटेत रीफरला वीज देणाऱ्या जेनसेटमध्ये डिझेल आहे का तेपण.

सील. आयएसओ १७७१२ चं बोल्ट सील, उजव्या दाराच्या हँडलला, मारल्यावर ओढून, पिरगाळून बघा. नंबर शिपिंग बिल, फॉर्म १३ आणि पुढं बीएलवर, म्हणजे जहाज कंपनीच्या बिल ऑफ लेडिंग या मालाच्या पावतीवर, तोच. वाटेत आरटीओ किंवा पोलिसांनी सील तोडायला लावलं तर ड्रायव्हरनं आधी फोन करायचा, नवीन सीलचा नंबर आणि कुणी तोडलं ते लिहून घ्यायचं.

बीएलचा ड्राफ्ट आला की चष्मा लावून वाचा. त्यावर "शिपर्स लोड, स्टो अँड काउंट" असं छापलेलं असतं, म्हणजे भरला तुम्ही, रचला तुम्ही, मोजला तुम्ही, आम्ही आत बघितलेलं नाही. गोडाऊनला भरलेल्या डब्यावर ते येणारच, भांडू नका, पण त्याचा अर्थ असा की आतलं नुकसान जहाजामुळं झालं हे दाखवायचं काम तुमच्याकडं. आपल्याकडं १८५६ आणि १९२५ चे जुने कायदे जाऊन २०२५ मध्ये बिल ऑफ लेडिंगचा आणि समुद्रमार्गे माल वाहतुकीचा असे नवीन कायदे झाले, पण व्यवहारात आपल्याला लागणाऱ्या गोष्टी त्याच आहेत: वरनं न दिसणारं नुकसान असेल तर माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत लेखी कळवायचं आणि दावा वर्षाच्या आत. खरेदीदाराला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो महिन्यानं फोटो पाठवतो.

विमा घेताना आयसीसी ए, म्हणजे सगळ्यात जास्त धोके धरणारा प्रकार, घ्या, रक्कम सीआयएफच्या (माल, विमा आणि भाडं मिळून किमतीच्या) ११० टक्के. पण सगळं कव्हर आहे असं समजू नका, खराब पॅकिंग आणि मालाचा स्वतःचा दोष त्यात धरत नाहीत. माझ्या त्या जुलैच्या हळदीचे पैसे तिथंच बुडाले, सर्व्हेअरनं पॅलेट टोचली आणि वही मिटली.

म्हणून आता प्रत्येक डब्याचे फोटो काढतो, रिकामा आतनं, पाटी, मीटरवरचा आकडा मालासकट, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला, जाळी, एक दार लावलेला, दोन्ही लावलेला, सील जवळनं. फोनमध्ये तारीख-वेळ चालू. हमाल हसतात, लग्नाचा अल्बम काढतोय म्हणून. आणि काट्याची पावती लगेच झेरॉक्स करून फाईलला लावा, तो कागद चारसहा महिन्यांत कोरा होतो, दाव्याला मुदत वर्षाची असते.